शेंदरी आभाळ आणि संकष्टीचा चंद्र

मी फारशी देवभोळी नाही. हॅनोव्हरच्या नोकरीत देव सणापुरताच उरला होता. मग सासूबाई पुण्याहून राहायला आल्या आणि त्यांच्यासोबत घरात संकष्टी आली. पहिल्याच संकष्टीला मी घोळ घातला. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात पुण्याचा चंद्रोदय पावणेनऊचा होता. रोज पुण्याच्या ऑफिसशी मीटिंग ठरवायची सवय, मी त्यातून साडेचार तास वजा केले आणि ठामपणे सांगितलं, "आई, इथे सव्वाचारला चंद्र!"

लवकर जेवायचंच आहे म्हणून आईंनी दुपारी फराळही केला नाही. मधुमेहाची गोळी मात्र सकाळीच घेतलेली. चंद्रोदय जिथल्या तिथल्या आभाळाप्रमाणे होतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पाच वाजले, सहा वाजले. चंद्र काही माझ्या मीटिंगला आला नाही, आणि आला असता तरी समोरच्या उंच इमारतीमागे दिसला नसता. आईंचे हात थरथरू लागले, कपाळावर घाम आला. साखरपाणी पुढे केलं तर म्हणाल्या, "अगं, चाळीस वर्षांत संध्याकाळ झाल्यावर चंद्र पाहिल्याशिवाय पाणी सोडून काही घेतलं नाही." नवरा कामासाठी इंगोलश्टाटला. माझं धाबं दणाणलं. मी देवघरापुढे जाऊन चक्क भांडले, की चूक माझी आहे, त्यांना कशाला छळतोस?

तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजी. वर्षभरात त्या माझ्याशी फक्त कचऱ्याच्या वर्गीकरणावरून बोलल्या होत्या. "श्नेल, श्नेल! पोलारलिष्टर!", म्हणजे लवकर चला, उत्तर ध्रुवाकडचा प्रकाश दिसतोय, म्हणत त्यांनी आईंचा हातच धरला. आईंना जर्मन कळत नाही, पण त्या उठल्या आणि नैवेद्याचा मोदकांचा डबा घेऊन निघाल्या. आम्ही दोघींनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून त्या समोरच्या इमारतीमागच्या शेताच्या कडेला नेलं.

उत्तरेचं आभाळ लाल झालं होतं. खाली हिरवट पट्टा, वर लाली हलत होती. मी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. आईंनी हात जोडले. "अगं, बाप्पाचा शेंदूर!"

इतक्यात जर्मन आजी पूर्वेकडे बघून कुरकुरल्या, "आख, आता हा चंद्र आला! रंग फिके पडणार." मी वळले. उघड्या शेतावर चंद्र वर आला होता.

आईंनी दर्शन घेतलं, पहिला मोदक आजींच्या हातावर ठेवला, दुसरा स्वतः खाल्ला. थोड्या वेळाने थरथर थांबली. आजींनी मात्र न विचारता तिसराही उचलला, आणि आम्ही तिघी हसत सुटलो.

योगायोग म्हणा, माझं काही म्हणणं नाही. आता संकष्टीला आई दुपारी फराळ करतात आणि मी वेळ सांगत नाही. संध्याकाळी डबा घेऊन आम्ही शेताकडे जातो आणि वाट पाहतो. जर्मन आजी आमच्या आधीच तिथे उभ्या असतात.