वीतभर निळा दोरा

माझ्या शिवणकामाच्या दुकानात लोक कापड घेऊन येतात. वहिनी वीतभर दोरा मागायला आली होती. सात वर्षांपूर्वीची गोष्ट. एक पांढरा, एक लाल, दोन्ही वीतभरच. वीतभर दोऱ्यात बटणही धड लागत नाही. कशाला हवा म्हणून विचारलं तर म्हणाली, लागतो भावोजी. नसत्या चौकशा करायची मला खोड आहे, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. तेव्हा माझं काय झालं असेल ते समजून घ्या.

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. टेकडीच्या उतारावरची फळबाग तीच बघते आणि छोटा ट्रॅक्टरही तीच चालवते. दादाचा पाय त्याच ट्रॅक्टरखाली चेंगरला, तेव्हापासून तो कुबडी टेकून अंगणात फळं निवडतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची टिंगल करतो.

दोऱ्यांचा पत्ता मला बागेत लागला. वहिनीने एक फळी केली होती, ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांमध्ये अंतर असतं तेवढी लांब. फळीवर मधोमध काचेची चौकोनी बरणी घट्ट बसवलेली, अर्धी पाण्याने भरलेली. बरणीला माझे दोरे बांधलेले: लाल खाली, पांढरा दोन बोटं वर. ट्रॅक्टर न्यायच्या आधी ती वाट पायी चालायची, पावलापावलावर फळी आडवी ठेवायची. जमीन कलती असली की उताराच्या बाजूला पाणी वर चढतं. ते लाल दोऱ्याला टेकलं की तिथे चुन्याची रेघ, आणि रेघेपलीकडे ट्रॅक्टर नाही. तिकडची फळं डोक्यावरून खाली यायची.

बाकीही तिची तऱ्हाच न्यारी. उभा चढ असला की रिव्हर्समध्ये चढायची, मान मागे वळवून. उतरताना पहिला गिअर, पाय क्लचपासून लांब. निघण्याआधी दोन ब्रेकना जोडणारी पट्टी हाताने चाचपायची; एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो म्हणे. मेकॅनिक म्हणायचा, बाई, एवढा कल हे यंत्र झोपेत पेलेल. मीही त्याच्यासोबत दात काढायचो. खोटं कशाला बोलू?

लाल कशाला ते कळलं, पण पांढऱ्यापर्यंत पाणी कधी जातच नव्हतं. मग तो कशाला? सात वर्षं विचारलं, सात वर्षं तिने दाद दिली नाही.

यंदा पुतणी शिक्षण संपवून घरी आली आणि म्हणाली, आता ट्रॅक्टर मी चालवणार. दुसऱ्याच दिवशी वहिनी दुकानात हजर. वीतभर निळा दोरा हवा होता. मी दोरा मुठीत धरून ठेवला. आधी पांढऱ्याचं सांग, मग मिळेल.

ती स्टुलावर बसली. दादा दवाखान्यात असताना ती एकटी बागेत गेली होती. ट्रॅक्टर उलटला तिथे चाकांचे माग अजून ताजे होते. त्या मागांवर तिने फळी ठेवली आणि पाणी जिथे चढलं तिथे पांढरा दोरा बांधला. लाल दोन बोटं खाली, कारण चाकाखाली बीळ किंवा दगड आला की कल एकदम वाढतो, आणि ते आधी कळत नाही. दादाच्या खालच्या चाकाखाली बीळच आलं होतं.

मी मूठ उघडून दोरा दिला. माझं हसू मला आठवलं आणि लाज वाटली.

निळा तिने लालच्याही खाली बांधला, चांगला बोटभर. त्या हिशेबाने निम्मी बाग ट्रॅक्टरला बंद झाली. पुतणी भडकली. "आई, तू स्वतः लालपर्यंत जातेस. ट्रॅक्टर तोच, उतार तोच."

वहिनी ब्रेकची पट्टी चाचपत होती. वर न बघता म्हणाली, "मी उलटले तर मला सोसेल. तू उलटलीस तर नाही सोसणार."

पुतणी फणकाऱ्याने फळी उचलून गेली, पण रेघा निळ्याच्याच मारल्या. त्या आठवड्यात निम्मी फळं आम्ही सगळ्यांनी डोक्यावरून उतरवली. माझी कंबर धरली, दुकान दोन दिवस बंद.

उघडलं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक पुतणी. मातीचे हात, वीतभर निळा दोरा हवा. मी म्हटलं, अगं, निळा तर आहे बरणीला.

"चुन्याचे हात लागून लागून विटला तो. नवा बांधते." तिने दोरा बोटाला गुंडाळला. "आणि काका, लाल मी कापून टाकला. आईला सांगितलंय, तू पण निळ्यापर्यंतच."

वहिनी काय म्हणाली, ते मी विचारलंच.

"नव्या दोऱ्यासाठी बरणी घासूनपुसून ठेवली तिने."