नकाशावरचा हिरवा पट्टा

दिव्यानी घोनमोडे आमच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. सिंदेवाहीला येऊन तिला सहा वर्षं झाली. वर्गात तिचा आवाज ठणठणीत असतो, पण खिडकीबाहेर वाळकी फांदी मोडली तरी तिचं वाक्य मध्येच तुटतं. हे पोरांना माहीत आहे आणि कोणी हसत नाही. आमच्या तालुक्यात अशा आवाजाला दचकणारं माणूस घरोघरी सापडेल.

तिच्या भीतीला कारण आहे. दहावीची परीक्षा संपली त्या एप्रिलात ती मोठ्या बाबांबरोबर, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ मुखरू यांच्याबरोबर, मोहफुलं वेचायला गेली होती. दोघांच्या मध्ये दोन झाडं. ते वाकून वेचत होते. हिनं आपली टोपली पोत्यात रिकामी केली, वळून पाहिलं, तर ते तिथं नव्हते. खाली फुलं सांडलेली होती आणि एक चप्पल पडली होती. "वाघ माणूस नेते तेव्हा काही तरी आवाज होत असेल असं मले वाटे," ती मला एकदा म्हणाली. "कायचाच आवाज नाई झाला, सर."

पुढे ती नागपुरात शिकली आणि पीएच.डी.ला तिनं विषय घेतला तो हाच. मोह आणि तेंदूच्या हंगामात कुठे हल्ले झाले, किती वाजता, पाण्यापासून किती लांब, माणूस उभं होतं की वाकलेलं. बारा वर्षांतल्या घटना तिनं गावोगाव फिरून गोळा केल्या. त्यातून तिनं नकाशे तयार केले. लाल पट्टा म्हणजे जास्त धोका, पिवळा म्हणजे जपून, हिरवा म्हणजे त्या मानानं निर्धास्त.

तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये, मोह टपकायला लागायच्या तोंडावर, राजदीप नावाचा वनरक्षक तिला भेटला. त्याच्याकडे हिरडबोडी हे गाव आणि आजूबाजूचं जंगल होतं. त्यानं म्हटलं, हे सगळं गावातल्या लोकांना पडद्यावर दाखवा, आणि नकाशाचा एकेक कागद घरोघरी देऊ. दिव्यानी हो म्हणाली आणि घरी येऊन पस्तावली. विद्यापीठात चुकलं तर गुण जातात. इथे तिच्या कागदाकडे बघून माणसं जंगलात शिरणार होती.

तिची लिहायची पद्धत मी पाहिली आहे. ती प्रबंध, प्रश्नपत्रिका, सगळं लाटेकमध्ये करते. त्यात पान माउसनं ओढून-ताणून मांडत नाहीत. साध्या अक्षरांत आज्ञा लिहायच्या, मग संगणक त्या वाचून पानाची जुळणी करतो. पडद्यावर दाखवायच्या पानांसाठी त्यात बीमर म्हणून एक साचा आहे. बीमरला जे येत नाही त्यासाठी वरून पॅकेजं जोडावी लागतात, कोणी नकाशा काढायचं, कोणी तक्त्यात रंग भरायचं, कोणी देवनागरी नीट बसवायचं. एकेकटं प्रत्येक पॅकेज गुणी असतं. एकत्र आणलं की कटकटी सुरू होतात.

कार्यक्रमाच्या दिवशी ती पहाटेच उठून बसली. आधी पानं कोरी आली, कारण तिनं मराठी टाइप सांगितला तो एका जातीच्या अक्षरांना आणि बीमर वापरत होतं दुसऱ्याच जातीची. ते सुधारलं. मग रंगाच्या पॅकेजवरून काम अडलं. तिनं नागपूरच्या प्रणितला फोन लावला. प्रणित तिचा वर्गमित्र, मातीच्या नमुन्यांवर काम करणारा. त्यानंच तिला हे सगळं शिकवलं होतं. त्यानं सांगितलं, रंगाचं पॅकेज बीमर स्वतःच आत बोलावतं. तू पुन्हा वेगळ्या अटी घालून बोलावलंस की ते अडून बसतं, म्हणून अटी सगळ्यात वर, बीमरलाच सांग. तेही जमलं. मग यादीचं पॅकेज आलं आणि मुद्द्यांपुढचे ठिपके गायब झाले. तिनं ते पॅकेजच काढून टाकलं.

साडेनऊ वाजले होते. अकरा वाजता राजदीप कागद न्यायला येणार होता. पानांच्या तळाशी गावाचं नाव आणि पानाचा आकडा नीट बसत नव्हता, म्हणून प्रणितनं त्याची स्वतःची सजावटीची फाइल पाठवली. ती वर जोडली की काम अडायचं. मध्ये जोडली तरी अडायचं. सगळ्यात शेवटी, तिच्या स्वतःच्या आज्ञांच्याही खाली जोडली, तेव्हा काम बिनबोभाट पार पडलं. एकही चूक दाखवली नाही. तिला इतका हलकेपणा वाटला की ती दोन मिनिटं डोळे मिटून बसली.

छपाईच्या दुकानात रंगीत कागद निघाले तेव्हा तिनं एक हातात घेऊन तपासला. जोडाक्षरं नीट होती. गावाचं नाव बरोबर होतं. कोपऱ्यातल्या चौकटीत रंग आणि त्यापुढचे शब्द नकाशाशी जुळत होते. साठ कागद घेऊन राजदीप गेला.

दुपारी साडेतीनला ती हिरडबोडीला पोचली. ग्रामपंचायतीच्या सभागृहाच्या खिडक्यांवर राजदीपनं ताडपत्री लावून अंधार केला होता. पन्नासएक माणसं खाली सतरंजीवर बसली होती, बाया जास्त. पहिली दोन पानं ती बोलली ती कशी, हे तिला आठवत नाही. तिसऱ्या पानावर नकाशा होता. तो भिंतभर उमटला आणि पुढच्या रांगेतल्या रुखमाबाई, साठीच्या, अंगठा उठवणाऱ्या, हात वर करून म्हणाल्या, "म्हणजे हिरव्यात जावाचं, नाई का?"

दिव्यानी हो म्हणायला वळली आणि तिनं नकाशा पाहिला.

तलावाच्या मागचा पट्टा, जिथे बारा वर्षांत चार माणसं गेली होती, तो हिरवागार होता. गावालगतची मोकळी झाडी तांबडी होती. कोपऱ्यातल्या चौकटीत हिरव्या रंगापुढे 'जास्त धोका' असंच लिहिलेलं होतं, म्हणून दुकानात तिच्या डोळ्यांना काही खटकलं नव्हतं. ती शब्द वाचून तपासत होती. इथली निम्मी माणसं रंग वाचत होती.

काय झालं असेल ते तिला उभ्या जागी कळलं. तिनं आपल्या रंगांना पट्टा-अ, पट्टा-ब, पट्टा-क अशा अर्थाची नावं दिली होती. नावं ठेवायची ही सवय प्रणितचीच, आणि प्रणितच्या फाइलमध्ये तीच नावं त्याच्या मातीच्या पट्ट्यांना होती. त्याचा पहिला पट्टा हिरवा, तिसरा तांबड्या मातीचा. दोन पॅकेजं एकमेकांशी भांडली असती तर काम थांबलं असतं आणि तिला कळलं असतं. इथे भांडण झालंच नाही. शेवटी आलेल्या फाइलनं तिचे रंग गुपचूप बदलले आणि पुढे निघून गेली.

तिनं विचारलं, सकाळचे कागद सगळ्यांना मिळाले का. रुखमाबाई म्हणाल्या, "भेटले न. आमच्या टोलीतल्या बाया गेल्या बी. सात जणी. मोहाखालचा पाला झाडून ठेवाले."

"कुठी गेल्या?"

"तलावाच्या मागं. हिरवं हाय न तिकडे."

समोर पन्नास चेहरे होते आणि त्यातल्या एकालाही अजून काही कळलेलं नव्हतं. काही क्षण दिव्यानीला असं वाटलं की गप्प राहावं, बाया सहाच्या आत परत येतीलच. मग ती राजदीपकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "कागद चुकला आहे. रंग उलटे पडलेत. हिरव्यात वाघ आहे. चूक माझी आहे."

राजदीपनं ताडपत्री ओढून काढली. पाच मिनिटांत वीसेक माणसं काठ्या, टिनाचे डबे आणि एक डफडं घेऊन निघाली. तो तिला म्हणाला, मॅडम, तुम्ही इथीच थांबा. तिला थांबावंसंच वाटत होतं. पण बायांच्या घरची माणसं तिच्या पुढून चालली होती, आणि त्यांच्याकडे बघत सभागृहात बसून राहणं तिला जंगलाहूनही अवघड वाटलं. ती निघाली.

मुखरू गेल्यानंतर मोहाच्या दिवसांत ती जंगलात शिरली नव्हती. घटनांच्या जागा तिनं पाहिल्या होत्या त्या पावसाळ्यानंतर, भर दुपारी, जीपमधून. आता पानगळ झालेली होती. प्रत्येक पाऊल वाजत होतं, वीस माणसांची पावलं वाजत होती, आणि त्या आवाजाच्या पलीकडे आणखी काही वाजत असेल तर ते ऐकू येणार नव्हतं. ती गर्दीच्या मधोमध चालत होती आणि तरी दर थोड्या वेळानं मागे वळून बघत होती. मागे एक म्हातारा होता. तो आहे ना, एवढंच ती बघायची. तलावाच्या अलीकडे राजदीपनं हात वर करून डफडं थांबवलं. पलीकडच्या झाडीत वानरं खाकरल्यासारखी ओरडत होती. थांबून थांबून, एकाच दिशेला तोंड करून. या भागातल्या लहान लेकरालाही त्याचा अर्थ कळतो.

"आवाज करा," राजदीप म्हणाला, आणि सगळ्यांनी मिळून जो गलका केला त्यात दिव्यानीचाही आवाज होता. ती काय ओरडत होती ते तिला ठाऊक नाही. शेजारच्या माणसानं नंतर सांगितलं, ती नुसतं "वर या, वर या" म्हणत होती.

बाया वरच होत्या. तलावाच्या पाळीवर, उघड्यावर, एकमेकींना पाठी लावून सातही जणी उभ्या होत्या, हातात झाडणीच्या फांद्या. वानरं ओरडायला लागली तशा त्या पाला तसाच टाकून पाळीवर आल्या होत्या. अर्धा तास झाला असेल म्हणाल्या. वाघ कोणाला दिसला नव्हता. एकीनं ओचा सोडून घडी घातलेला कागद काढला आणि राजदीपला दाखवला, की आम्ही तर हिरव्यातच होतो. तो कागद दिव्यानीनं तिच्या हातातून घेतला.

परत येईपर्यंत ऊन उतरलं नव्हतं. लोक घरी जातील असं तिला वाटलं, पण ते पुन्हा सभागृहात येऊन बसले. काही जण रागात होते. एकानं विचारलं, शिकलेल्या माणसाला लाल-हिरवं कळत नाही काय. तेवढ्यात रुखमाबाई म्हणाल्या, "कागद चुकला न, बाई. आता सांग, उद्या कुठी जावाचं."

तिथेच, सतरंजीच्या कडेला बसून, तिनं लॅपटॉप मांडीवर घेतला. प्रणितची फाइल काढून टाकली. पानाच्या तळाची सजावट गेली, तिला पर्वा नव्हती. रंगांना तिनं नवी नावं दिली, पुढे आपलं आडनाव जोडून, म्हणजे जगातल्या दुसऱ्या कोणाच्या फाइलशी ती जुळू नयेत. दोनदा जुळणी केली. राजदीपनं ताडपत्री पुन्हा लावली. भिंतीवर तलावाचा पट्टा लाल झाला तेव्हा तिनं लगेच काही सांगितलं नाही. आधी रुखमाबाईंना विचारलं, यातलं कुठलं तुम्हाला वाईट दिसतं. त्यांनी उठून भिंतीवर बोट ठेवलं.

अंधार पडेपर्यंत ती आणि राजदीप घरोघरी फिरून जुने कागद गोळा करत होते. अठ्ठावन्न मिळाले. दोन मिळाले नाहीत. एक घर चामोर्शीला लग्नाला गेलं होतं, एका घरी म्हणाले कागद आलाच नाही.

प्रणितला तिनं दुसऱ्या दिवशी फोन केला. तो हादरला, माफी मागायला लागला. त्याची चूक नव्हती, तिनं त्याला तसं सांगितलं. पण बोलून झाल्यावर ती स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, मोठ्या बाबांच्या वेळी मी पोर होते, काही करू शकत नव्हते, असं मी पंधरा वर्षं मनाला सांगत आले, या वेळी काय सांगू. मी चहा मागवला.

त्या हंगामात ती रोज सकाळी नऊला राजदीपला फोन करायची. सगळे आले का, एवढंच विचारायची. तो आले म्हणायचा, मग ती तासाला जायची. हिरडबोडीत त्या वर्षी कोणाला काही झालं नाही. इतर दोन गावांनी तिला बोलावलं. तिनं आठवडाभर उत्तर दिलं नाही, मग गेली. आता तिच्या नकाशात धोक्याच्या पट्ट्यावर काळ्या आडव्या रेघा असतात, रंग उडाला तरी कळावं म्हणून, आणि वाचता न येणाऱ्या एखाद्या बाईला दाखवल्याशिवाय ती कागद छापायला देत नाही.

लग्नाला गेलेल्या घरातला कागद मे महिन्यात मिळाला, टिनाच्या पेटीत तळाशी अंथरलेला. दुसरा, 'आलाच नाही' म्हणणाऱ्या घरचा, अजून मिळालेला नाही. राजदीप म्हणतो, तो केव्हाच चुलीत गेला असेल. तिलाही तसंच वाटतं. तरी मोहाचे दिवस आले की ती त्या घरी जाऊन येते.