वैद्याला आधी मारायचं

त्या माणसाला मी आजवर डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मला फक्त त्याचा आवाज माहीत आहे. बारीक, थोडा नाकातून येणारा, माढ्याकडचा. त्या आवाजानं एक दिवस माझ्याकडे काहीतरी मागावं आणि मी ते देऊ नये, एवढ्या एका इच्छेवर मी जवळजवळ अर्धं वर्ष काढलं.

माझं सोलापुरात ब्युटी पार्लर आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. त्या उन्हाळ्यात चार दिवसांनी नळाला पाणी आलं म्हणून घाईघाईनं स्टुलावर चढून वरचं पिंप भरायला गेले आणि खाली आले. पायाचं हाड मोडलं, प्लॅस्टर चढलं आणि ऐन लग्नसराईत पार्लरला कुलूप लागलं. माझ्या ठरलेल्या नवऱ्या दुसरीकडे नटायला गेल्या. नवरा दिवसभर त्याच्या दुकानात, लेक नोकरीला पुण्यात. मी पलंगावर पडून पंख्याकडे बघायची आणि लेकीला फोन करायची. शेवटी तीच वैतागली.

“आई, तू माझ्या गेममध्ये ये बरं. घरी माझा जुना लॅपटॉप आहे. रोज संध्याकाळी तिथंच भेटू आपण.”

तो खेळ म्हणजे एक देशच. हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच वेळी त्यात हिंडतात. जंगलं, राक्षस, किल्ले, बाजार. आपलं एक बाहुलं असतं, ते आपण चालवायचं. लढून लढून ते ताकदवान होतं. एकट्यानं निभत नाही म्हणून लोक टोळ्या करतात, त्याला गिल्ड म्हणतात. लेकीची गिल्ड मोठी होती. सगळी मराठी बोलणारी पोरं, आणि एक किल्लाही त्यांच्या ताब्यात. लेक त्यात हीलर होती, म्हणजे वैद्य. लढता लढता जखमी झालेल्यांना ती मंत्र टाकून बरं करायची. तिनं मला त्या गिल्डमध्ये घेतलं आणि पहिल्या संध्याकाळी एवढंच शिकवलं, “लढाईत समोरच्याचा वैद्य आधी मारायचा. वैद्य जिवंत असेल तर बाकीचे मरतच नाहीत.”

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक कामावर होती. मी एकटीच आत गेले. कानाला माईक होता, त्यावरून गिल्डमधले सगळे एकमेकांशी बोलत. मी विचारलं, “गिल्डमध्ये आल्यावर नवीन माणसानं काय करायचं असतं?” कुणी बोललं नाही. मग विचारलं, “मी राक्षसाला मारते, तर माझीच लाल पट्टी का कमी होते?” लाल पट्टी म्हणजे आपल्या बाहुल्याचा उरलेला जीव. कुणीतरी फिस्सकन हसलं. मी आणखी विचारलं, “आणि सगळे माझ्याच मागे का लागतात?”

तेव्हा तो आवाज आला. गिल्डचा सरदार.

“काकू, लई प्रश्न पडतात की तुमाला.”

“नवीन आहे ना मी.”

“मग असं करा. समोरच्या दरीत उतरा. मधी एक दगड हाय, त्याच्यावर उभं ऱ्हावा आन् ढाल खाली ठेवा. ताकद दुप्पट हुती.”

“नक्की?”

“नक्की म्हंजे काय! देवाशपथ.”

मी उतरले. दगडावर चढले, ढाल ठेवली. चारी बाजूंनी लांडगे आले. माझं बाहुलं पडलं, उठलं, पुन्हा पडलं. मी बटणं दाबत होते आणि विचारत होते, “आता काय करू? अहो, आता काय करू?” वर बघितलं तर दरीच्या काठावर सगळी गिल्ड ओळीनं उभी. हसून हसून त्यांचे माईक फाटत होते.

“काकू, भाकरी करपली बघा! जावा, उलटा तिला!”

आणि पडद्यावर अक्षरं आली की मला गिल्डमधून काढण्यात आलं आहे.

माझ्याकडे एखादी पोरगी काम शिकायला येते तेव्हा तिला दोरा दातात कसा धरायचा हेही माहीत नसतं. पहिल्याच दिवशी कुणाची तरी भुवई अर्धी उडवते. मी आजवर कुणाला हसले नाही. हसले असते तर ती पोरगी परत आली नसती, आणि आली असती तर तिचा हात थरथरला असता. हे त्या सरदाराला कुणी शिकवलं नव्हतं. ठरवलं, आपण शिकवू.

पण राग खरा पेटला तो पुढच्या आठवड्यात. माझ्या मैंदर्गीच्या भावजयीनं फोनवर एक व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, “वन्सं, ह्यो तुमचाच आवाज हाय का?” दरीतला प्रकार त्या सरदारानं टिपून ठेवला होता. माझं “नक्की?” कापून, पुन्हा पुन्हा जोडून त्याला ढोलकी लावली होती. नक्की, नक्की, नक्की. आमच्या गल्लीतली पोरंही म्हणायला लागली. नवऱ्यानं भाजीत मीठ बरोबर आहे म्हटलं तेव्हा माझ्या तोंडून “नक्की?” गेलं आणि तो हसला. मी ताट उचलून आत नेलं.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, “मी बोलले त्याला, आई. तो म्हणतो मजा होती. सोड ना, गेम आहे तो.”

“तू सोडलीस त्याची गिल्ड?”

“अगं, मला तिथं पोचायला किती वेळ गेलाय. एवढ्याशा कारणानं…”

“बरं,” म्हटलं. आता मनातल्या यादीत दोघं होते.

खेळात एक गाव आहे, तिथल्या वेशीपाशी नवीन आलेली बाहुली उतरतात. मी तिथं जाऊन बसायला लागले. बसून काय, बघायचं. कोण कसं लढतं, कोण का मरतं. तिथंच मला ती भेटली, शहराच्या पूर्व भागातली, विणकरांच्या घरातली तेलुगू सून. टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला जायची आणि जेवणाच्या सुट्टीत फोनवर खेळायची. तिलाही ह्याच सरदारानं हाकललं होतं. का? तर तिनं विचारलं होतं, ढाल डाव्या हातात का उजव्या.

“अक्का, तुम्ही पण दरीत गेल्ता का?” तिनं विचारलं.

“गेले होते.”

“मी विहिरीत,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघी पहिल्यांदा त्या खेळात हसलो.

लढाई मला तिनं शिकवली. ढालवाला पुढं राहतो आणि मुद्दाम राक्षसाला डिवचतो, म्हणजे राक्षस त्याच्याच मागे लागतो. मारणारे मागून मारतात. वैद्य सगळ्यात मागे. माझ्या मागे सगळे का लागायचे ते मला तेव्हा कळलं. मी ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढं उभी राहत होते, आणि माझ्या मागं कुणी नव्हतंच. मी म्हटलं, मग मी ढालच घेते. पुढं उभं राहायची सवय आहे मला.

आम्ही आमची गिल्ड काढली. वेशीपाशी कुणी नवीन गोंधळलेलं दिसलं की मी विचारायची, “काय अडलं?” आमच्यात एकच नियम होता, प्रश्नाला हसायचं नाही. तोच प्रश्न दहादा आला तरी उत्तर द्यायचं. लोक म्हणायचे, अक्का, तुमचं मन लई मोठं. मन कसलं मोठं! मी सैन्य जमवत होते. कुणी आलं की आधी विचारायची, “तुम्हाला त्या अमक्या सरदारानं कधी काढलंय का?” हो म्हणालं की त्याला जास्त जीव लावून शिकवायची. त्याच्या दारातून रडत बाहेर पडलेला माणूस माझ्या दारात रांगेनं येत होता. त्यानंच माझी भरती चालवली होती म्हणा ना.

प्लॅस्टर निघालं, पार्लर उघडलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी शटर अर्धं ओढून खेळायची. एखाद्या बाईच्या चेहऱ्याला लेप लावून तो वाळेपर्यंत मी एखाद्या पोराला ढाल कधी वर करायची ते समजावत असे. बायका डोळे मिटून ऐकायच्या. एक म्हणाली, “ताई, कुणाशी एवढं भांडण?” म्हटलं, “आहे एक.”

किल्ल्यासाठी लढाई मागायची रीत आहे. मागितली की ठरल्या वेळी त्यांना उतरावंच लागतं. मी रविवारची दुपार मागितली. आमचं नाव बघून त्यानं सगळ्यांसमोर लिहिलं, “नक्की?” आणि खाली हसण्याची चिन्हं.

त्याच्या मागच्या दारावर सगळी नवीन पोरं असतात हे मला ठाऊक होतं, आणि त्यांना तो काही शिकवत नाही हेही. म्हणून आम्ही पुढून थोडे गेलो, मागून सगळे. मागच्या दारावरची पोरं नुसती गोल फिरत होती. दार पडलं. आम्ही आत शिरलो, आणि पहिल्याच चौकात, बाकीच्यांच्या आड, हिरव्या झग्यातलं बाहुलं दिसलं. माझी लेक.

माझ्या पाठीमागे सगळे थांबले. तेलुगू सून हळूच म्हणाली, “अक्का, ही तुमची…”

“वैद्य आहे,” मी म्हटलं. “आधी तिला.”

मी स्वतः पुढं झाले. ढालीचा पहिला तडाखा मीच दिला. हिरवा झगा जमिनीवर पडला, आणि खरं सांगते, आत कुठंतरी गार वाटलं.

त्यानंतर त्यांची माणसं पटापट पडायला लागली. आणि नेमकं तेव्हा माईकवर ओरड झाली, “अक्का, नळ आला!”

“आत्ता?”

“आत्ताच आला! परत कधी येईल काय माहीत! सासू हाका मारतेय!”

सोलापुरात ह्यापुढं बोलायला जागा नसते. ती गेली. तिच्यामागून तिच्याच भागातले आणखी काही गेले. माझ्या मागची मारणारी फळी अर्धी रिकामी झाली आणि सरदार पायऱ्या उतरून माझ्याकडे यायला लागला. मी ढाल वर केली आणि तशीच उभी राहिले. तो मारत होता, मी झेलत होते. लाल पट्टी अगदी बारीक उरली तेव्हा पाठीमागून ती परत आली, धापा टाकत. “भरलं, अक्का!” आणि तिनंच त्याला पाडला.

तो पडला, किल्ला आमचा झाला, आणि मी माईक त्यांच्याकडे जोडला. खूप काही बोलायचं ठरवलं होतं. पण पलीकडून त्याचा आवाज येत होता, तो त्या मागच्या दारावरच्या पोरांना आईवरून शिव्या देत होता, आणि एक पोरगं रडवेल्या आवाजात विचारत होतं, “पण दादा, दार कसं लावायचं ते सांगितलंच नव्हतं की.” मी माईक बंद केला. त्या पोराला संध्याकाळी आमच्यात घेतलं.

लेकीचा फोन लगेच आला.

“आई! मला मारलंस तू? मला?”

“वैद्याला आधी मारायचं असतं. तूच सांगितलंस.”

“कशी धावून आलीस माहितीये? आनंदानं!”

“मग? आनंदच होता.”

तिनं फोन ठेवला. पुढच्या रविवारी घरी आली, जेवली, भांडी घासली, आणि जाताना म्हणाली, “मी सोडली त्याची गिल्ड.” मी तिला आमच्यात ये म्हटलं नाही. ती आपण होऊन आली, वेशीपाशी उतरली, सगळ्यांसारखी.

पावसाळा संपता संपता त्याची गिल्ड मोडली. किल्ला गेल्यावर माणसं राहिली नाहीत. आणि एका दुपारी मला त्याचा निरोप आला. बोलायचं म्हणाला. मी पार्लरचं दार लावलं आणि माईक कानाला लावला.

“काकू, मला घ्या की तुमच्यात.”

कितीदा हे वाक्य मी मनात ऐकलं होतं! मी सावकाश विचारलं, “तो व्हिडिओ अजून आहे ना?”

“काढतो. आत्ता काढतो. मग घ्याल?”

“बघू.”

त्यानं काढला. ज्यांना ज्यांना पाठवला होता त्यांनाही काढायला लावला, माफीही लिहिली, सगळ्यांना दिसेल अशी. मग परत आला. “झालं, काकू. आता?”

“बघितलं,” मी म्हटलं. “नाही घेत.”

“पन तुमी म्हनला होता…”

“बघू म्हटलं होतं. घेते म्हटलं नव्हतं. आमच्याकडे नवीन माणसं असतात, बाळा. त्यांना तुझ्या हाती कोण देईल?”

तो गेला.

लेक म्हणाली, “आई, हे बरं नाही केलंस.”

“बरं नाही,” म्हटलं, “पण बरं वाटलं.”

ते बरं वाटणं बरेच महिने पुरलं. एखादं गिऱ्हाईक घासाघीस करून गेलं, कुणी वेळ ठरवून आलं नाही, की मी ते “आता?” मनात वाजवून बघायची आणि कामाला लागायची.

अलीकडे आमच्याकडे मंद्रूपची एक मुलगी आली. कॉलेजात शिकते. ढाल, डिवचणं, वैद्य, सगळं तिला आधीच माहीत होतं. म्हटलं, कुणी शिकवलं गं?

“आधी एका लहान गिल्डमध्ये होते, अक्का. तिथला सरदार लई चांगला हाय. स्वतः बसून सांगतो. कितीबी विचारा, हसत न्हाय.”

मी नाव विचारलं. तोच होता.

आनंद व्हायला हवा होता, असं लेक म्हणाली असती. मला तो झाला नाही. उलट कुणीतरी ताटातला घास काढून घेतल्यासारखं वाटलं. मी त्याला शिकवायचं ठरवलं होतं आणि तो शिकला होता, आणि आता माझ्याकडे त्याच्याविरुद्ध काहीच उरलं नव्हतं.

“मग सोडून का आलीस?” मी तिला विचारलं.

“मैत्रिणी हितं हायत,” ती म्हणाली. “परत जाऊ का तितं?”

“नको,” मी जरा जोरातच म्हटलं. मग आवाज खाली आणला. “राहा इथंच. उद्या दुपारी ये, मी ढाल वेगळी धरते, ती दाखवते तुला.”