कूलरवरचा तळवा

आमच्या वरच्या मजल्यावरचे सर यंत्रांच्या कंपनांवर संशोधन करतात. नागपूरच्या उन्हाळ्यात कोणाकडेही गेले की आधी कूलरवर तळवा ठेवतात आणि डोळे मिटतात. "पंख्याचा बॅलन्स गेला गा," म्हणत खिशातून पेचकस काढतात. तोवर चहा थंड होतो.

ऑपरेशननंतर आईचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. एका दुपारी आमचा कूलर खडखडू लागला, म्हणून मी सरांना बोलावलं. त्यांनी तळवा ठेवला, पेचकस काढला, मग पलंगाकडे पाहिलं. आई गाढ झोपली होती.

"बंद करू का, सर?"

"काहून? त्याच आवाजानं झोप लागली तिले."

पेचकस खिशात गेला. त्या खडखडाटात बसून त्यांनी चहा प्यायला, गरम असतानाच.