बासरी की क्लॅरिनेट, पोरीनंच ठरवलं

मंडळी, आज छाती फुगलीय राव!

सकाळी लेकीला चिंचवडला शास्त्रीय संगीताच्या क्लासला नेलं. सरांनी विचारलं, "बासरी की क्लॅरिनेट?"

मीच घाईनं बोललो, "बासरी द्या सर. क्लॅरिनेट म्हणजे वरातीचं वाद्य." खरं तर कंपनीतली शिफ्ट सांभाळून लग्नसराईत मी बँडमध्ये तेच वाजवतो.

पोरगी म्हणाली, "पप्पा, वरात निघायच्या आधी तुम्ही एकटेच भूप राग वाजवता, तो शास्त्रीयच ना? मला क्लॅरिनेटच शिकायचंय."

सर हसले. सतरंजीवर सरकून त्यांनी जागा केली, आपलं क्लॅरिनेट माझ्या हातात दिलं. "बसा. ऐकवा तो भूप."

भावांनो, तुमच्या पोरांनी असा मान दिलाय कधी? इतकी वर्षं रस्त्यानं चालत वाजवलं. आज पहिल्यांदा बसून वाजवलं.