चवथीआधी बंद केलेलं कार्ड

"कात्री आसा काय गो?" सुलभाताईंनी काउंटरवर क्रेडिट कार्ड ठेवत विचारलं. "ह्या आता कापून टाकूचा."

मी वेंगुर्ल्याच्या एका बँकेत अप्रेंटिस आहे. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. सुलभाताई बारा वर्षं मडगावच्या एका हॉटेलात लॉन्ड्री सांभाळतात. घरी म्हातारी आई एकटी असते. घराला दोन खोल्या जोडून त्या पर्यटकांना द्यायच्या आणि कायमचं परत यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यासाठी आमच्याकडेच कर्जाचा अर्ज करायचा होता.

"रोज दुसऱ्यांच्या गाद्यांर चादरी घालतंय," त्या म्हणाल्या. "आवशीची चादर शेजारीण बदलता. ह्या चवथीक इलंय की परत जावचंय नाय."

आमच्याकडे चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी दुकानदाराच्या वहीतली उधारी मिटवतात, उसनं आणलेलं परत करतात. गणपती घरात यायच्या वेळी जुनं काही लोंबकळत नको. ताईंना तसंच कार्डही मिटवायचं होतं. नोकरी लागली तेव्हाच घेतलेल्या त्या कार्डाला वार्षिक फी नव्हती, बाकीही शून्य होती. मला त्यांचं म्हणणं अगदी पटलं. माझे बाबाही हेच करतात. मी फॉर्म भरून दिला, वर म्हटलं, "बरं केलंत ताई. कर्जाआधी सगळं साफ."

आठवडाभरात कार्ड बंद झालं. मग ताईंनी कर्जाचा अर्ज दिला. मॅनेजर पाटकर सरांनी क्रेडिट रिपोर्ट काढला आणि मला आत बोलावलं.

"यांचं जुनं कार्ड कोणी बंद केलं?"

"त्यांनीच सर. म्हणजे... फॉर्म मी भरला."

"का?"

"त्यावर काही देणं नव्हतं म्हणून."

"म्हणूनच ठेवायचं होतं!"

सरांनी कागदावर मांडून दाखवलं. जुन्या कार्डाची मर्यादा एक लाख, दीड वर्षापूर्वी घेतलेल्या दुसऱ्या, नव्या कार्डाची चाळीस हजार. नव्या कार्डावर त्यांनी फ्रिज आणि गाद्या घेतल्या होत्या, बत्तीस हजारांच्या. दोन्ही कार्डं असताना एकूण मर्यादेतला पाव भागसुद्धा वापरलेला नव्हता. एक बंद झाल्यावर तेच बत्तीस हजार चाळीसपैकी झाले, म्हणजे ऐंशी टक्के. याला युटिलायझेशन म्हणतात. ते इतकं वाढलं की माणूस ओढाताणीत आहे असं धरतात आणि क्रेडिट स्कोअर घसरतो.

"आणि बारा वर्षांची वेळेवरची परतफेड?" मी विचारलं.

"ती लगेच पुसली जात नाही. बंद खातं रिपोर्टमध्ये काही वर्षं दिसतं. पण चालू खात्यांत आता सगळ्यात जुनं कुठलं? दीड वर्षाचं. जुनं चालू खातं असलं की इतिहास लांब दिसतो."

"सर, परत चालू करता येईल?"

"नाही. नवं घेतलं तर ते आजपासूनचं."

स्कोअर आमच्याकडे कर्जासाठी लागणाऱ्या किमान आकड्याच्या थोडा खाली गेला होता. अर्ज थांबला. ताईंना सांगायचं काम सरांनी मलाच दिलं. मी माफी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या,

"माका वाटला, बँकेतला चेडू सांगता म्हणजे बरोबर."

त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

चवथीला त्या आल्या, आणि पाच दिवसांचा गणपती पोचवून दुसऱ्या दिवशी मडगावच्या एसटीत बसल्या. आईला त्यांनी 'आता जाणार नाही' असं आधीच सांगून ठेवलं होतं. ते परत कसं फिरवलं, मी विचारलं नाही.

नव्या कार्डाची बाकी त्यांनी दोन पगारांत फेडली. रिपोर्टमध्ये नोंद यायला आणखी काही आठवडे गेले. दिवाळी होऊन गेल्यावर कर्ज मंजूर झालं. मी फोन केला. मागे वॉशिंग मशीनचा आवाज होता.

"एक म्हयन्याची नोटीस देवची लागतली," त्या म्हणाल्या. "मगे येतंय. पण आवशीक आताच सांगू नको हां. ह्या खेपेक आधी येतलंय, मगे सांगतलंय."

फी नसलेलं जुनं कार्ड राहू द्यावं. अधूनमधून किरकोळ खरेदी करून बिल पूर्ण भरावं. फी जड होत असेल, तर बिनफीचं करून मिळेल का ते विचारावं. बंद करायचंच असेल, तर कर्ज हातात आल्यावर.

आता कार्ड बंद करायला कोणी आलं की फॉर्म देण्याआधी मी विचारते, "पुढच्या वर्षभरात कर्ज घ्यायचंय का?"

"तुका कित्या व्हया?" म्हणजे तुला कशाला हवं, असं बहुतेक जण म्हणतात. मी तरी विचारते.