तिसऱ्या गाडीचा फॉर्म

आधीच सांगून टाकतो, मी असले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी आहे. कुणाच्या मागून पैंजणांचा आवाज आला, कुणाला वडाखाली बाई दिसली... मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो. मी रियाधमधल्या एका खासगी हॉस्पिटलात बायोमेडिकल टेक्निशियन आहे. व्हेंटिलेटर, मॉनिटर, इन्फ्युजन पंप — जे बिघडेल ते दुरुस्त करायचं. मशीन बिघडलं की त्याच्या पोटात नोंद राहते, नोंद वाचली की कारण सापडतं. चौदा वर्षं मी यावरच पोट भरतोय. त्यामुळे हे लिहायला इतका उशीर झाला तो भीतीमुळे नाही, लाजेमुळे झाला.

आमच्या हॉस्पिटलात इकबालभाई म्हणून ड्रायव्हर होते. दापोलीकडचे, वय एकोणसाठ, सव्वीस वर्षं सौदीत. मी नवीन आलो तेव्हा माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, तीन महिने रखडला होता. हातात ओळखपत्र नाही, म्हणजे ना बँक खातं, ना धड बाहेर फिरणं. त्या तीन महिन्यांत मला दर शुक्रवारी खोलीवर नेऊन माशाचं कालवण खाऊ घातलं ते इकबालभाईंनी. पुढे गाडी चालवायलाही त्यांनीच शिकवलं.

इथे आपल्या लोकांत एक रीत आहे. चार बुकं शिकलेला जो असतो तो बाकीच्यांचे फॉर्म भरतो. सुट्टीचा अर्ज, घरी जाऊन परत यायचा एक्झिट-रीएंट्री परवाना, पासपोर्टचं नूतनीकरण, मुलीच्या कॉलेजचा दाखला, सगळं. इकबालभाईंचे फॉर्म मी भरायचो. त्यांच्या पासपोर्टची कॉपी कायम माझ्या मोबाइलमध्ये असायची. ते न वाचता सही करायचे, आणि मी एकदा वाचून घ्या म्हटलं की हसायचे. मला त्याचं काय वाटायचं सांगू? अभिमान वाटायचा.

व्हिएतनामची कल्पना त्यांचीच. मोबाइलवर त्यांनी एक व्हिडिओ पाहिला — एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र, मधून वळणावळणाचा रस्ता आणि त्यावर मोटारसायकली. शुक्रवारी नमाजनंतर रियाधच्या बत्हा बाजारातल्या आमच्या नेहमीच्या मलबारी हॉटेलात चहा पिताना त्यांनी तो मला दाखवला. तरुणपणी ते जुन्या राजदूतवरून दाभोळ ते हर्णै मासळी आणायचे. पुढच्या वर्षी साठी, मग फायनल एक्झिट, कायमचं घरी. त्याआधी एकदा असा रस्ता चालवायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. मलाही बाइकचं वेड. रेडिओलॉजीतला श्रेयस तिसरा तयार झाला. तिघं ठरलो.

टूर निवडायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, आणि मी ते हॉस्पिटलसाठी व्हेंटिलेटर घ्यायचा असल्यासारखं केलं. पाच दिवसांची नुसती समुद्रकाठची की आठ दिवसांची डोंगरासकट? स्वतः चालवायची की गाइडच्या मागे बसायचं? सामान आपल्या गाडीवर की मागून येणाऱ्या व्हॅनमध्ये? दोन महिने नुसते तक्ते! शेवटी एक छोटी टूर आवडली. होई आनहून समुद्रकाठाने, मग डोंगरात कोन तुम, तिथून दालात आणि उतरून न्हा त्रांग. आठ दिवस, स्वतः चालवायची, पुढे तुआन नावाचा गाइड आणि मागे फक्त तीन गाड्या. तीनच, त्याहून जास्त तो घेत नाही.

इथे माझी बुद्धी फिरली. श्रेयसचा मेहुणा निखिल दम्मामला असतो, त्याला यायचं होतं. श्रेयस मला रोज कॅन्टीनमध्ये ऐकवायला लागला. इकबालभाई हळू चालवतील. मध्ये नमाजला थांबावं लागेल. डोंगरात त्यांना चालणारं जेवण मिळणार नाही, आपल्यालाही शोधत फिरावं लागेल. मी आधी वाद घातला. नंतर गप्प बसलो. आणि खरं सांगायचं तर मलाही आतून वाटायला लागलं होतं की फोटोत आपण तीन तरुण... म्हणजे चाळिशीतले तरुण... जास्त शोभू. हे लिहितानाही कान गरम होतायत.

त्या शुक्रवारी बत्हाच्या त्याच हॉटेलात मी त्यांना सांगितलं, "इकबालभाई, टूरवाले पंचावन्नच्या वरच्यांना घेत नाहीत. इन्शुरन्सचा नियम आहे."

असा कुठलाही नियम नव्हता. मी दोन महिने ते सगळे नियम पाठ केले होते, मला माहीत होतं.

त्यांनी मला पुन्हा विचारलंसुद्धा नाही. कपातला चहा थोडा हलवला आणि म्हणाले, "नियम म्हनजे खलास. बरा झाला, आदी समाजला. तुमी जावा, मना फोटू पाठव." मग त्यांनी माझ्यासाठी अजून एक चहा मागवला. मी तो प्यायलो.

रविवारी सकाळी तुआनकडून ईमेलवर कोरा फॉर्म आला. मी वर्कशॉपमध्ये बसून भरला : मी, श्रेयस, निखिल. दुपारपर्यंत पाठवला. सोमवारी त्याचं कन्फर्मेशन आलं. पहिली गाडी मी, दुसरी श्रेयस, आणि तिसरीसमोर इकबालभाईंचं पासपोर्टवरचं अख्खं नाव, वडिलांच्या नावासकट.

मी म्हटलं, सवय. इतकी वर्षं त्यांचं नाव टाइप करतोय, हात गेला असेल. पाठवलेला ईमेल उघडून पाहिला. त्यात निखिलच होता. तुआनला लिहिलं की चूक झालीय. त्याचं उत्तर आलं की माझ्याकडून त्याला दोन फॉर्म मिळाले. एकात इकबालभाई, दुसऱ्यात निखिल. गाड्या तीनच, म्हणून जो आधी आला तो त्याने धरला. पहिला फॉर्म शुक्रवारी आला होता. त्याने पुढे हेही लिहिलं होतं की त्याला जरा नवल वाटलं, कारण शुक्रवारपर्यंत त्याने मला कोरा फॉर्म पाठवलाच नव्हता.

तो आल्याची वेळ होती तिथली संध्याकाळची सव्वासहा. म्हणजे रियाधची दुपारची सव्वादोन. सव्वादोनला मी बत्हात इकबालभाईंच्या समोर बसून त्यांना तो नियम सांगत होतो, आणि माझा मोबाइल टेबलावर पालथा होता.

तुआनने तो पहिला फॉर्म मला परत पाठवला. इंग्रजीत, सगळे रकाने भरलेले. उंची, रक्तगट, जेवणात मासे-भात-अंडी चालेल. 'शारीरिक अडचण' या रकान्यात लिहिलं होतं : डाव्या पायाचा अंगठा उचलता येत नाही, गिअर टाचेने टाकतो. हे मला माहीतच नव्हतं. आणि सगळ्यात खाली, अपघात झाल्यास कुणाला कळवायचं? तिथे माझं नाव, माझा नंबर आणि नातं : धाकटा भाऊ.

आयटीमधल्या एका ओळखीच्या माणसाला बसवून माझं ईमेल तपासून घेतलं. शुक्रवारी माझ्याकडून काहीच गेलेलं नव्हतं, दुसऱ्या कुणी ते उघडल्याची खूणही नव्हती. श्रेयसला वाटलं हे माझंच काम, मला वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय. आणि एवढं होऊनही मी काय केलं असेल? पासवर्ड बदलला आणि तुआनला लिहिलं, पहिला फॉर्म रद्द करा, निखिललाच ठेवा. तेव्हा तरी थांबायला हवं होतं मी.

दुसऱ्या दिवशी सुधारलेलं कन्फर्मेशन आलं. तिसरी गाडी, इकबालभाई.

मी श्रेयसला बोलावून घेतलं आणि तुआनला व्हिडिओ कॉल लावला. बिचारा गोंधळून गेला. त्याने स्वतःचा लॅपटॉप कॅमेऱ्यासमोर धरला. त्याच्या स्क्रीनवर निखिलचं नाव स्पष्ट दिसत होतं. तीच फाइल त्याने आमच्या डोळ्यांदेखत पुन्हा पाठवली. मी उघडली, श्रेयसने त्याच्या मोबाइलवर उघडली. दोन्हीकडे इकबालभाई. हे लॅपटॉपचं किंवा मोबाइलचं काही असेल तर ते कसं, हे मला कुणीतरी समजावून सांगा. मी अजून विचारतोय.

श्रेयसने मोबाइल खिशात टाकला. मग म्हणाला की मेहुण्याला मी सांगतो काय ते, तू म्हाताऱ्याला घे. आणि वर्कशॉपमधून निघून गेला.

शुक्रवारी मी बत्हात गेलो. मला सरळ बोलायचा धीर नव्हता, म्हणून चौकशी केल्यासारखं विचारलं की राजदूतवर तुम्ही गिअर कसा टाकायचात. इकबालभाई एकदम सावध झाले. आजूबाजूला पाहिलं. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तुला कुनी सांगितला?"

मग हळूहळू कळलं. सौदीला यायच्या आधी घर बांधताना त्यांच्या डाव्या पायावर जांभ्या दगडाचा चिरा पडला होता. अंगठा कायमचा निकामी झाला. पाय दाबता येतो, पंजा वर उचलता येत नाही. ड्रायव्हरच्या मेडिकलमध्ये हे सापडलं तर नोकरी जाईल म्हणून सव्वीस वर्षांत त्यांनी रियाधमध्ये कुणालाही सांगितलं नव्हतं. खोलीवरसुद्धा मोजे घालून असायचे. चिरा पडला तेव्हा सोबत असलेला त्यांचा चुलतभाऊ कधीच वारला होता. आता त्यांना भीती ही होती की हॉस्पिटलला कळलंय, आणि शेवटचं वर्ष पुरं व्हायच्या आत घरी बसावं लागणार. चेहरा उतरला होता त्यांचा. माझ्यामुळे त्यांना घाबरलेलं बघणं, हे मात्र मला सहन झालं नाही.

मी मोबाइल काढला आणि फॉर्म त्यांच्यासमोर ठेवला. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही, म्हणून एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली. शेवटची ओळही वाचली. मग एका दमात सांगून टाकलं, "असा नियम नव्हता, इकबालभाई. मी खोटं बोललो. तुमच्या जागी दुसऱ्याला घेणार होतो."

ते मोबाइलकडेच पाहत होते. चहा आणणारा येऊन उभा राहिला, त्याला त्यांनी हाताने थांबवलं. मला वाटलं आता शिवी देतील. द्यायला हवी होती.

"ती शेवटची लाइन परत वाच," ते म्हणाले.

मी वाचली. धाकटा भाऊ.

"तोंडान खोटा बोललास," ते म्हणाले, "पन हातान खरा लिवलास ना. माजा फॉर्म तुज्याबिगर कोन भरनार?"

मला म्हणायचं होतं की मी नाही भरला. त्यांनी माझा हात धरला होता आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मान हलवली. हो म्हणून.

आम्ही गेलो. तुआनने इकबालभाईंसाठी टाचेनेही गिअर पडेल अशी गाडी निवडून ठेवली होती. आणि हळू कोण चालवत होतं? मी! दालातच्या घाटात खडीवर मी आडवा झालो आणि माझ्या गाडीचा उडालेला आरसा सापडेपर्यंत सगळे ताटकळले. श्रेयसचं पोट तिसऱ्या दिवसापासून बिघडलेलं. इकबालभाई तुआनच्या मागोमाग असे जायचे की तुआन प्रत्येक थांब्यावर त्यांच्या पाठीवर थाप मारायचा. दुपारची नमाज ते आम्ही चहाला थांबलो की तेवढ्यातच उरकायचे. वेगळा थांबा एकदाही घ्यावा लागला नाही. समुद्र दिसला की ते मागे वळून मला हाताने दाखवायचे, जणू मला दिसत नसावा. त्या प्रत्येक वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

आता ते दापोलीला असतात. जाण्याआधी त्यांनी माझ्याकडून त्या फॉर्मची प्रिंट मागून घेतली. ती फ्रेम करून घरात लावलीय, असं त्यांच्या मुलीने मला फोनवर सांगितलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, माझ्या धाकट्या भावाने भरलाय म्हणून. मी तीनदा फोन उचलला खरं सांगायला. तिन्ही वेळा मासळीचा भाव विचारून ठेवून दिला.

तो फॉर्म कुणी भरला, मला माहीत नाही. तुआनला माहीत नाही, श्रेयस त्या विषयावर बोलत नाही. मशीनच्या माणसाने शोधायचं तेवढं माझं शोधून झालंय. एवढंच कळतं की ज्याने कुणी भरला, त्याला इकबालभाईंची माझ्यापेक्षा जास्त माहिती होती, आणि माझ्याबद्दल त्याचं मत माझ्या लायकीपेक्षा फार चांगलं होतं.